बुधवारची बस

एस.टी.च्या मागे मोटरसायकल चालवायची म्हणजे धूळ खायची. पुढे जावं तर शैला बघणार, फार मागे राहावं तर बस वळणाआड जाणार, म्हणून मी शंभरेक फुटांचं अंतर ठेवून चाललो होतो. नाकातोंडाला रुमाल बांधला होता. बसच्या मागच्या काचेतून डोकी दिसत होती आणि मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, एका डोक्यात अबोलीचा गजरा होता. ती शैला, माझी बायको. गजरा मीच सकाळी आणून दिला होता, लांबून ओळखू यावी म्हणून. तिला मात्र तसं बोललो नव्हतो.

पिंप्रीच्या फाट्यावर बस थांबली. मीही बाभळीखाली थांबलो. मला खात्री होती की आता ती उतरणार, रस्त्याच्या कडेला बसणार आणि छातीला हात लावून इकडेतिकडे मला शोधणार. दोन माणसं उतरली, एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि बस निघाली. गजरा जागेवरच होता.

खरं तर त्या वेळी मी कालव्यावर असायला हवा होतो. डॉक्टरबाईंनी मला तसं बजावून सांगितलं होतं.

ही एकोणनव्वद सालातली गोष्ट. मी तेव्हा निंबगव्हाण धरणाच्या डाव्या कालव्यावर ओव्हरसियर होतो. राहायला धरणाच्या पायथ्याशी कॉलनी होती. चाळीस क्वार्टर्स, भोवती तारेचं कुंपण, एक फाटक, एक किराणा दुकान आणि दिवसातून तीन वेळा येणारी चाळीसगावची बस. बांधकाम संपून निम्मी माणसं बदलून गेली होती, त्यामुळे निम्म्या क्वार्टर्सना कुलपं होती. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

शैलाला एकटीने काही जमायचं नाही. भाजी कोणती करू, दूध आता तापवू की मग, आईला पत्र लिहू का, लिहिलं तर काय लिहू, सगळं मला विचारायची. दिवेलागणीला मी घरी नसलो तर शेजारच्या चौधरीवहिनींच्या ओट्यावर जाऊन बसायची. गर्दीत गेली की तिचा श्वास अडकायचा आणि हातपाय गार पडायचे. तिच्या साड्या मी आणायचो, चपलासुद्धा मीच आणायचो, कागदावर पाऊल आखून घेऊन. नाशिकला तीन महिन्यांचं ट्रेनिंग दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मी नाकारलं. त्यानंतरच मिळणारी बढतीही त्यामुळे हुकली.

"खैरनार, तुम्ही आहात म्हणून," चौधरी म्हणायचा. तो स्टोअरकीपर होता. "दुसरा असता तर केव्हाच माहेरी नेऊन घातली असती."

"काय करणार," मी म्हणायचो. "अडकलोय."

हा शब्द मी तेव्हा दिवसातून एकदा तरी वापरत असेन. साहेबांपुढे, बहिणीच्या पत्रात, पानाच्या दुकानावर.

मनोविकारांच्या डॉक्टर सोनगीरकर दर बुधवारी जळगावहून चाळीसगावच्या सरकारी दवाखान्यात येत. चाळिशीच्या होत्या, सावकाश बोलत आणि बोलून झालं की समोरच्याला भरपूर वेळ देत. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचा त्रास व्हायचा. नवऱ्याने बायकोला एवढ्या लांबून दर आठवड्याला आणावं, बाहेर बाकावर दोन दोन तास थांबावं, याबद्दल त्या एकदाही चांगलं बोलल्या नव्हत्या. त्यांनी शैलाला थोडं थोडं सुटं करायचं ठरवलं. पहिल्या बुधवारी आम्ही एकाच बसमध्ये, पण मी शेवटच्या बाकावर. मग एकदा ती बसने आणि मी मोटरसायकलने पुढे जाऊन स्टँडवर उभा. आणि आता ती एकटी येणार होती.

"तुम्ही त्या दिवशी कामावर असाल," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

"काही झालं तर?"

"काय होईल?"

"चक्कर येईल. पडेल."

"बसमध्ये पन्नास माणसं असतात, खैरनार."

मी हो म्हणालो. त्या बुधवारी सकाळी शैलाला बसमध्ये बसवलं, कंडक्टरला चार वेळा सांगितलं, हात हलवला, आणि बस फाटकाबाहेर पडताच राजदूतला किक मारली.

चाळीसगावच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा मी रस्त्यापलीकडे रसवंतीत शिरलो. बाहेरच्या बाजूला गोणपाटाचा पडदा होता, त्याच्या फटीतून स्टँडचं दार दिसत होतं. शैला दारात थांबली. पदर सारखा केला. दोन्ही बाजूंना बघितलं. आता, मी मनात म्हणालो. पोऱ्याने रसाचा ग्लास आणून ठेवला त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

तिने एका बाईला काहीतरी विचारलं. बाईने हात करून दाखवलं. शैला मान हलवून चालू लागली, टांगा जाईपर्यंत थांबली आणि रस्ता ओलांडून अलीकडे आली. माझ्यापासून वीस पावलांवर कासाराची हातगाडी होती. तिथे ती थांबली. दवाखाना पुढच्या चौकात होता आणि वेळ भरपूर होता. तिने एक डझन उचलला, ठेवला, दुसरा उचलला. जांभळ्या बांगड्या होत्या. कासार काही बोलला आणि शैला हसली. मोठ्याने नाही, पण खांदे हलले एवढं. मग तिने डावा हात त्याच्यापुढे धरला.

मला काय झालं ते मी आज सांगू शकतो, तेव्हा सांगता आलं नसतं. छातीत काहीतरी खाली घसरलं. तळहातांना घाम आला. रसवंतीतला तो घुंगरांचा आवाज एकदम फार लांबून यायला लागला. मला वाटलं, हिला काहीतरी होणार, मला आधीच कळतंय. मी पडदा बाजूला केला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शैला. बरी आहेस ना?"

तिने वर बघितलं. एक क्षण तिचा चेहरा उजळला, आपण जे केलं ते दाखवायला कोणी सापडलं की माणसाचा उजळतो तसा. तोंडही उघडलं होतं बोलायला. मग ती माझ्याकडे नीट बघत राहिली. हळूच हात मागे घेतला. चढवलेली एक बांगडी काढून परत गाडीवर ठेवली.

"मला गरगरतंय," ती म्हणाली.

मी तिचा दंड धरला. तिचा भार माझ्यावर आला आणि माझी छाती मोकळी झाली. श्वास पोटापर्यंत पोचला. कासार विचारत होता, ताईंना पाणी देऊ का, आणि मी त्याला म्हणत होतो, राहू द्या, हिला होतं असं.

डॉक्टरबाईंच्या चार नंबरच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो.

"कशा आलात?" त्यांनी शैलाला विचारलं.

शैलाने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नाही जमलं हो. स्टँडवर मी नसतो तर पडली असती."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडाकडे. मला नंतर आरशात कळलं की रुमालाखालचा चेहरा स्वच्छ होता आणि वरचं कपाळ, भुवया, केस सगळं मातीने माखलं होतं.

"तुम्ही बसच्या मागे आलात?"

"काळजी वाटली."

"शैलाताई, तुम्ही सांगा. बसमध्ये कसं वाटलं?"

शैला खाली बघत होती. तिने एकदा माझ्या हातांकडे बघितलं. "नाही जमलं," ती म्हणाली. "हे म्हणतात तसंच झालं."

खोटं मी बोललो होतो, आणि तिने त्यावर सही केली. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग.

डॉक्टरबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी तुम्ही या. एकटे."

"मी? मी कशाला?"

"तुमच्याशी बोलायचंय."

"तिच्याबद्दल ना?"

"नाही."

"मॅडम, आजारी ती आहे. मी आठ वर्षं हे काढतोय. नोकरीचं नुकसान करून घेतलंय. आणि तुम्ही मलाच बोलावताय?"

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "लग्नाआधी त्या काय करत होत्या?"

"शिकत होती. धुळ्याच्या कॉलेजात."

"राहायला?"

"पारोळ्याला. माहेर आहे तिचं."

"मग कॉलेजला कशा जायच्या?"

"बसने," मी म्हणालो.

"किती वर्षं?"

"तीन."

"कोणाबरोबर?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी उत्तराची वाट बघितली, आणि मी उठून दाराबाहेर आलो.

परतताना शैला माझ्या मागे बसली होती. नेहमी ती माझ्या खांद्याला गच्च धरून बसायची, त्या दिवशी तिने हात गाडीच्या मागच्या कॅरिअरला धरला होता. कॉलनी दोन मैलांवर राहिली असताना, जिथे रस्ता कालव्यावरून जातो तिथे, मी गाडी थांबवली. मला तो प्रश्न पोटात ठेवून घरी जाववेना.

शैला पुलाच्या कठड्यावर बसली. खाली कालव्याला पाणी सोडलेलं होतं.

"तू तसं का सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं?"

"जमलं नाही म्हणून. तुला जमलं होतं. मी बघत होतो."

"तुम्ही बघत होता ते मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"फाटकापासून. आठ वर्षं त्या गाडीच्या आवाजाची वाट बघतेय. मला ओळखू येणार नाही का?"

मी तेवढंच धरलं. "बघ म्हणजे. मी मागे आहे हे माहीत होतं म्हणून तुला धीर आला."

"तसंही असेल," ती म्हणाली. "स्टँडवर मात्र मी विसरले होते. तुम्ही आहात हे. बांगड्या बघत होते तेव्हा."

"मग मला बघून गरगरलं कसं?"

"गरगरलं नाही. तुमचं तोंड बघितलं."

"कसं होतं?"

"बालवाडीच्या वेळी होतं तसं."

मला आठवेना. तिने सांगितलं. ती काही आठवण करून दिल्यासारखी बोलत नव्हती, एखाद्याला त्याच्या लहानपणची गोष्ट सांगावी तशी सांगत होती.

"लग्नाचं पहिलंच वर्ष. आपण अमळनेरला होतो. गल्लीतल्या बालवाडीत बाई हव्या होत्या, सकाळी आठ ते अकरा. मी विचारून आले, तिथल्या मोठ्या बाई हो म्हणाल्या. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, छान झालं. पेढेही आणलेत. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला. तीन दिवस. डॉक्टरने रक्त तपासलं, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बालवाडीत निरोप पाठवला, मला जमायचं नाही म्हणून. संध्याकाळी तुम्ही उठून बसलात. वरणभात जेवलात."

"मलेरिया असेल," मी म्हणालो.

"असेल."

"असेल काय? तेव्हा अमळनेरला साथ होती."

"असेल म्हटलं ना. मग माझ्या बहिणीच्या, कुंदाच्या बाळंतपणाला मी महिनाभर जायचं ठरलं, तेव्हा तुमची कंबर धरली. तुम्हाला कूस बदलता येत नव्हती. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही हो. मीच शेकत होते कंबर, मला माहीत आहे. खरंच दुखत होती."

"मग?"

"मग काही नाही. कुंदाला लिहिलं, मला प्रवास झेपत नाही. तुम्हाला दाखवलं पत्र, तर तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, तुला नाहीच झेपत. आणि किती बरे होता तुम्ही त्या दिवशी. मला चहा करून दिलात. तेव्हापासून मी म्हणायलाच लागले. मला जमत नाही, मला भीती वाटते, तुम्ही सांगा. तसं म्हटलं की घरात सगळं नीट असायचं."

"म्हणजे आठ वर्षं तू नाटक करतेस?"

"नाही," शैला म्हणाली. आणि पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "पहिली एक दोन वर्षं नुसतं म्हणत होते. मग एके दिवशी बाजारात खरंच श्वास अडकला. आता म्हणावं लागत नाही. आता ते आपोआप होतं."

मला राग आला. मला वाटलं, या बाईसाठी मी सगळं सोडलं आणि ही माझ्या तापाचा हिशेब ठेवून बसली आहे. मी उठलो. गाडी सुरू केली आणि म्हणालो, "बस."

पुढचे पाच दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिने मला एकदाही काही विचारलं नाही. ताटात मेथीची भाजी आली, दुसऱ्या दिवशी पिठलं आलं, आणि जे पुढ्यात येईल ते मी खाल्लं. मला वाटायचं, आता विचारेल. कपडे भिजत घालू का एवढं तरी विचारेल. सोमवारी मीच विचारलं, "उद्या भाजी आणायची आहे का?" ती म्हणाली, "बघते मी. फाटकावर येते भाजीवाली." आठ वर्षं मला वाटत होतं की या प्रश्नांनी माझा जीव जाईल. ते थांबले तर घरात मला उभं राहायला जागा कुठे आहे तेच कळेना.

मंगळवारी संध्याकाळी तिने विचारलं, "उद्या तुम्ही जाणार आहात का डॉक्टरबाईंकडे?"

"नाही."

"मग मी जाते. सकाळच्या बसने. माझी मी."

"जा," मी म्हणालो. "छानच आहे."

बुधवारी पहाटे मला कणकण आली. पांघरूण घेतलं तरी हुडहुडी जाईना. शैलाने थर्मामीटर लावलं. एकशे एक.

मी पडून तिच्याकडे बघत होतो. मला सगळं दिसत होतं. काय चाललंय हे मला शब्दाशब्दाने माहीत होतं, पुलावर ऐकलेलं सगळं आठवत होतं, आणि तरीही अंग तापलेलं होतं, दात वाजत होते, आणि मला जगात एवढंच हवं होतं की तिने खाटेवर बसावं आणि म्हणावं, जाऊ दे, आज नाही जात. मी ताप थांबवू शकत नव्हतो. मी नको जाऊस असं म्हणूही शकत नव्हतो, कारण तसं म्हणणारा माणूस मी नव्हतो. मी छान झालं म्हणणारा माणूस होतो.

शैला बराच वेळ थर्मामीटर हातात घेऊन उभी होती. तिचा श्वास वरवर चालला होता, मला ऐकू येत होता. मग ती आत गेली. खिचडी टाकल्याचा वास आला. तिने पाण्याचा तांब्या, क्रोसिनची गोळी आणि झाकलेली खिचडी माझ्या उशाशी आणून ठेवली. साडी बदलली. खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"ही मी नेतेय," ती म्हणाली. "तुम्ही मागे येऊ नका."

"एवढ्या तापात मी कुठे येतोय?"

"याल," ती म्हणाली. दारातून वळून म्हणाली, "चारच्या बसने येते." तिचा आवाज कापत होता. पण ती गेली.

बस निघाल्याचा आवाज आला तो मी ऐकला. नंतर काहीच नाही. तीन बाजूंना कुलपं लावलेल्या क्वार्टर्स, खिडकीतून दिसणारी धरणाची भिंत. मी गोळी घेतली. डोळे मिटले, उघडले. नऊ वाजले होते. पुन्हा डोळे मिटले. नऊ वाजून दहा मिनिटं. दहाच्या सुमाराला मला पुरेसा श्वास येईना. मी उठून बसलो, खिडकी उघडली, तरी येईना. बोटं गार पडली होती. ही सगळी लक्षणं मला पाठ होती, दोन महिने मीच ती डॉक्टरबाईंना सांगत होतो. फक्त सांगताना 'हिला' म्हणत होतो.

मी पायात चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेलो. गाडी शेडमध्ये उभी होती. तिच्या टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. बावीस किलोमीटर चालत जाता येईल का, याचा मी खरोखर विचार केला. मग परत आलो. दिवसभरात असा मी चार की पाच वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. कुंपणाला कुठे दार नव्हतं असं नाही, फाटक उघडंच होतं. मला त्याच्या बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं.

दुपारी तीनला मी ओट्यावर बसलो होतो. चौधरी स्टोअरमधून जेवायला घरी आला होता, तो परत निघाला होता.

"वहिनी कुठेत?" त्याने विचारलं.

"चाळीसगावला गेलीय."

"एकट्या?"

"हो."

"अरे वा," तो म्हणाला. "आज मग तुम्ही सुटलात."

तो चालू लागला. मी त्याला हाक मारली. तो वळला.

"चौधरी, जरा बसता का इथे?"

"काम होतं का काही?"

"नाही. काम नाही. नुसतं बसा."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही न विचारता ओट्यावर बसला. बराच वेळ स्टोअरमधल्या जुन्या पंपांबद्दल, कोणी उचलून नेलेल्या केबलबद्दल काहीबाही सांगत राहिला. मी ऐकत नव्हतो, पण त्याचा आवाज चालू होता तोवर मला श्वास घेता येत होता. आयुष्यात मी कोणाला असं बसायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

चारची बस साडेचारला आली. शैला फाटकातून आत येताना दिसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, केस विस्कटले होते, पदराला उलटीचा वास होता. येताना बसमध्ये तिला दोनदा उलटी झाली होती. ओट्यावर येऊन तिने माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. बस फाटकात वळतानाच मला घाम फुटला होता. तिने हात काढला. चौधरी उठून गेला.

"डॉक्टरबाईंनी विचारलं," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही याल का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा."

मी पुढच्या बुधवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शैला जात राहिली, कधी धड, कधी उलट्या करत. मला आणखी एकदा ताप आला. ती त्याही दिवशी गेली. आम्ही पुढे धुळ्याला बदलून गेलो आणि तिथे ती बालवाडीत लागली, ती एकोणीस वर्षं. अजूनही कधी बाजारात तिचा श्वास अडकतो, मग ती कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर बसते आणि बरं वाटलं की घरी येते. ती कुंदाकडे राहायला गेली की माझी पहिली रात्र अजूनही वाईट जाते. फोन करायचा नाही असं मी ठरवतो आणि करतो. ती दोन मिनिटं बोलते आणि ठेवते. एवढं सगळं एकदम झालं नाही आणि सरळही झालं नाही.

पण त्या दोन बुधवारांनंतरचा बुधवार मला आठवतो. शैला म्हणाली होती, आज मी नाही जात, आज मला पापड करायचेत चौधरीवहिनींबरोबर. मी मोटरसायकल ठेवली आणि बसने गेलो. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"चिंतामण दगडू खैरनार."

"वय?"

"छत्तीस."

"काय होतंय?"

मागे माणसं उभी होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन मला अगदी खेटून उभी होती. मी खिडकीच्या जाळीला तोंड लावलं.

"बायको घरी नसली की श्वास लागतो," मी म्हणालो.

त्याने लिहिलं, दम लागतो. कागद जाळीखालून सरकवला.

"चार नंबरची खोली. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो आणि कागद घेतला.